पिन अडकलेला हिवाळा

मेलबर्नजवळच्या आमच्या टार्निटच्या घरामागं एक क्रीक आहे. क्रीक म्हणजे ओढाच, पण इथल्या लोकांनी त्याला बाकडी, पाट्या आणि डांबरी पायवाट देऊन त्याचा मान वाढवलाय. काठानं वॅटलची झाडं आहेत. थंडी सरत आली की ती पिवळीधमक होतात. बाभळीचीच जात, फुलंही तशीच बारीक गोळ्यांची. इथं येऊन काटे तेवढे टाकले आणि सभ्य झाली. यंदाही फुललीत. काल फिरून आलो तर स्वेटरच्या बाहीवर पिवळी भुकटी बसली होती. ती झटकताना कानात सुरू झालं: खर्र... टक. खर्र... टक.

लोकांना फूल बघून वसंत आठवतो. मला हा आवाज आठवतो. सून म्हणते, अण्णा, आता विसरा ते. मी विसरत नाही. मला शाळा चौथीपर्यंत. माझं वाचलेलं फार नाही, जे येतं ते ऐकून आलेलं. ऐकलेलंच विसरलो तर माझ्याकडं उरतं काय?

मी लाउडस्पीकरवाला. सोलापूर जिल्ह्यात टेंभुर्णीच्या आसपास जिथं लग्न, बारसं, जत्रा, दुकानाचं उद्घाटन असेल तिथं माझे कर्णे लिंबाच्या झाडावर चढायचे. आमच्या धंद्यात मंडप मुका पडणं वाईट. दोन गाण्यांच्या मधे शांतता पडली तर वरमाय मागं वळून बघायची. पण पिन अडकली तर अख्खं गाव वळून बघायचं. शेजारच्या गावच्या एका स्पीकरवाल्याची पिन नेमकी नवरी माप ओलांडताना अडकली. नवरी उंबऱ्यावर, पायाशी तांदळाचं माप, आणि कर्ण्यातून "जा, जा, जा, जा." सासूनं कपाळाला हात लावला. त्या माणसाला पुढं त्या गावात कुणी कर्णा बांधू दिला नाही.

माझी पिन कधी अडकली नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. नाही, फुशारकी म्हणूनच सांगतो, त्यात लाजायचं काय?

प्रत्येक रेकॉर्ड लावायच्या आधी जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं पुसायची, खाचेच्या वाटेनं, गोल. आणि बाजू संपली की लगेच पिन उचलायची. शेवटच्या खाचेत खर्र... टक करत पिन रिकामी फिरवायची नाही. रिकामी फिरलेली पिन झिजते, आणि झिजलेली पिन पुढची प्रत्येक रेकॉर्ड खाते. माझा मुलगा शिरीष माझ्या टेबलाखाली वाढला. मंडपात अँप्लिफायरच्या उबेला पाठ लावून झोपायचा. पाढ्यांच्या आधी त्याला हा नियम आला. मी जरा बाजूला गेलो आणि रेकॉर्ड संपली, तर टेबलाखालून झोपाळू हात वर यायचा, पिन उचलायचा आणि परत खाली जायचा.

तो हात पुढं मेलबर्नला शिकायला आला, इथंच नोकरीला लागला, इथंच त्याचं घर झालं. माझी बायको गेल्यावर त्यानं मला आणलं. चार दिवस राहा म्हणाला. मी आलो, आणि पाठोपाठ कोरोना आला, विमानं बंद झाली. माझ्या परतीच्या तिकिटाचा कागद फ्रिजवर चुंबकाखाली होता. त्याच्याकडं बघत चहा प्यायचो.

शिरीषची एक लाडकी रेकॉर्ड होती. ती मी पहिल्यांदा ऐकली तो दिवस अजून जशाचा तसा आहे. शिरीषनं ऑप शॉपमधून, म्हणजे इथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून, एक रेकॉर्ड प्लेअर आणलेला. मी स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होतो. बाहेर सनईचा एक तुकडा वाजला. चांगला वाजला. मग तोच तुकडा परत वाजला. मग परत. हातातली कोथिंबीर टाकून मी धावलो, पिन उचलली, सदऱ्याच्या टोकानं रेकॉर्ड पुसली, परत लावली. परत अडकली.

शिरीष आणि पल्लवी, माझी सून, दोघं सोफ्यावर पोट धरून हसत होते.

"अण्णा, ती अडकलेली नाहीये," शिरीष म्हणाला. "ती तशीच आहे. मुद्दाम."

"मुद्दाम पिन कोण अडकवतं?"

"लूप म्हणतात त्याला, अण्णा," पल्लवी म्हणाली. "जुन्या रेकॉर्डींमधले तुकडे कापतात, परत परत वाजवतात, खाली बीट टाकतात. हिप-हॉप आहे ते."

"मग गाणारा कुठंय?"

"गाणारा नाहीच. नुसतं म्युझिक."

"म्हणजे गाणारा आलाच नाही, ढोलकीवाला रागावला आणि पिन अडकली. अशा कार्यक्रमाचं आम्ही भाडं परत द्यायचो."

पल्लवीला ते इतकं आवडलं की तिनं तिच्या मैत्रिणींना फोनवर सांगितलं. मी विनोद केला नव्हता.

कुणा परदेशातल्या माणसानं ती रेकॉर्ड बनवली होती. काळ्या पाकिटावर एका रिकाम्या खुर्चीचं चित्र. त्यात तुकडेच तुकडे. सनईचा तो तुकडा. मग एक लांबची घंटा. मग कुठल्याशा जुन्या गाण्यातली एक बाई नुसतं "आ" म्हणते आणि तिचं तोंड कुणीतरी दाबल्यासारखी थांबते. पुढचा शब्द काही येत नाही. आणि सगळ्याच्या खाली खरखर. ती सनई माझ्या पेटीतल्या एका रेकॉर्डमधली आहे असं मी तेव्हाच सांगितलं. शिरीष म्हणाला, "अण्णा, जगात सनया काय कमी आहेत?" असतील. ती मात्र माझीच आहे. आजही सांगतो.

ते ठीक. पण ती खरखर? खरखर म्हणजे धूळ. जन्मभर जी धूळ मी पुसली, ती या लोकांनी शोधून, जमवून, रेकॉर्डवर परत घातली होती. मी तसं बोललो. शिरीष म्हणाला, "युनिव्हर्सिटीत असताना आम्ही पाच जण एका घरात राहायचो. मला रात्र रात्र झोप लागायची नाही. एकानं ही लावली. ती खरखर ऐकली आणि मला तुमच्या टेबलाखाली आल्यासारखं वाटलं. पहिल्यांदा झोपलो त्या घरात."

पोरानं आपल्याला धुळीवरून ओळखावं हे मला पचलं नव्हतं.

शिरीष वृद्धांच्या होममध्ये काम करायचा. अजूनही करतो. तिथल्या म्हाताऱ्यांना उठवायचं, आंघोळ घालायची, भरवायचं. हे मला आधी ठाऊक नव्हतं. गावात आम्ही "हॉस्पिटलला आहे" असं सांगायचो आणि लोक डॉक्टर समजायचे. त्यांना समजू द्यायचो. इथं आल्यावर कळलं. एकदा तो जेवताना सांगत होता की एक आजोबा दिवसभर एकच वाक्य बोलतात, "गेट लावलंस का?" बाकीचे कंटाळतात. हा त्यांना आंघोळ घालताना फोनवर तीच रेकॉर्ड बारीक आवाजात लावतो. आजोबा शांत होतात.

"त्यांची पिन अडकलेली असते, अण्णा. ती सोडवायला गेलं की ते घाबरतात. आपण सोबत ऐकायचं फक्त."

मी म्हणालो, "परक्यांचे बाप धुवायला मी तुला शिकवलं नाही."

पल्लवीनं भाताचं पातेलं उगाच हलवलं.

मग थंडी आली. टार्निटची थंडी कोरडी नाही आणि ओलीही नाही. सपाट माळावरून वारा येतो आणि नव्या घरांच्या फटी मोजत फिरतो. सकाळी धुकं इतकं की समोरच्या घराचा नुसता दिवा दिसायचा. पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, तोंडाला मास्क, रात्री संचारबंदी. टीव्हीवर रोज तोच माणूस त्याच पाटीमागं उभा राहून तेच सांगायचा. पल्लवी घरूनच काम करायची, तिच्या खोलीतून दिवसभर "कॅन यू हिअर मी? कॅन यू हिअर मी?" मला वाटायचं, अख्ख्या जगाची पिन अडकलीय आणि उचलणारा कुणी नाही.

आणि बातम्यांत होमं यायला लागली. अमुक होममध्ये शिरलाय, तमुक होममध्ये शिरलाय. शिरीष तरी शिफ्टला जायचा. परत आल्यावर गॅरेजमध्ये कपडे उतरवायचा, थंडीत कुडकुडत बाथरूमला पळायचा. मी रोज म्हणायचो, सोड ती नोकरी. सकाळी म्हणायचो, संध्याकाळी म्हणायचो. एका संध्याकाळी तो बुटांच्या नाड्या बांधत होता. मी दारात आडवा उभा राहिलो.

"आज जायचं नाही."

"अण्णा, बाजूला व्हा. आधीच माणसं कमी आहेत."

"म्हातारे मरायचेच असतात. तू कशाला मरतोस?"

तो उभा राहिला. माझ्याहून वीतभर उंच आहे. म्हणाला, "तुमची पिन अडकलीय, अण्णा."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर ते नुसतं बोलणं होतं. सगळेच म्हणतात तसं. पण हा माझ्या टेबलाखाली वाढलेला. त्याला माहीत होतं तो काय बोलतोय. मी बाजूला झालो. तो गेला. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललो नाही. मी एकदा गप्प बसलो की बसलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्याला ताप आला. चाचणी आली, पॉझिटिव्ह. तो स्वतःच गॅरेजमध्ये राहायला गेला. घडीची खाट, ब्लँकेटं, पाण्याच्या बाटल्या, आणि तो रेकॉर्ड प्लेअर. घरातून गॅरेजमध्ये जायचं दार त्यानं आतून लावून घेतलं. पल्लवीला म्हणाला, "अण्णा ऐकणार नाहीत, आत येतील. म्हणून कडी."

हे मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. बरोबरच होतं ते. मी गेलो असतो.

इथली घरं बाहेरून विटांची दिसतात, आत नुसता पुठ्ठा. माझी खोली गॅरेजला लागून. भिंतीपलीकडून खोकला यायचा, पाण्याची बाटली ठेवल्याचा आवाज यायचा, आणि ती रेकॉर्ड. एक बाजू, मग दुसरी, मग पहिली. मी खुर्ची भिंतीला लावून बसायचो. बोलणं तर बंद होतं. मी बोटानं भिंतीवर ठक ठक करायचो. जरा वेळानं पलीकडं आवाज थोडा मोठा व्हायचा आणि परत लहान व्हायचा. म्हणजे, आहे.

पल्लवीनं एकदा मला तसं ठोकताना बघितलं. "अहो, तोंडानं विचारा ना, कसा आहेस म्हणून!"

"त्यानं विचारावं."

"तो आजारी आहे, अण्णा!"

"कान आजारी नाहीत."

"दोघं बापलेक सारखे," ती म्हणाली, आणि आल्याचा काढा गॅरेजच्या दाराशी ठेवून, दार वाजवून, लांब जाऊन उभी राहिली.

ऐकून ऐकून मला ती रेकॉर्ड पाठ झाली. मनात नसताना पाठ झाली. सनई, मग घंटा. घंटेनंतर ढोल एक ठोका उशिरा पडतो. आधी वाटायचं चुकतोय, मग कळलं की तो मुद्दाम थांबतो, पायरी उतरताना म्हातारा माणूस थांबतो तसा. मग ती बाई, "आ." पुढचा शब्द काय असेल याच्यावर मी बसून विचार करायचो. आई? आता? आलास? पहिली बाजू संपते तिथं सगळं जातं, नुसती खरखर राहते, आणि खरखरीत एकदाच, लांबून, ती बाई परत "आ" म्हणते. मग संपलं. त्यानंतर लगेच पलीकडं खाट कुरकुरायची, पिन उचलल्याचा बारीक खट्ट व्हायचा, रेकॉर्ड उलटायची. ताप असो, खोकला असो. टेबलाखालचा तो हात होता. मला तो दिसत नव्हता, पण माझ्या ओळखीचा होता.

खोकला वाढला. मग कमी झाला. पल्लवी म्हणाली बरं वाटतंय बहुतेक. मला ते कमी होणं आवडलं नाही. खोकायलाही जोर लागतो.

एका दुपारी धुकं उशिरा हटलं आणि मागच्या कुंपणावरून वॅटलचा पिवळा शेंडा पहिल्यांदा दिसला. मी भिंतीशी बसलो होतो. पहिली बाजू चालली होती. सनई झाली, घंटा झाली, खरखर उरली. बाई लांबून "आ" म्हणाली.

मग खर्र... टक.

मी वाट बघितली. खर्र... टक. खाट कुरकुरली नाही. खर्र... टक. त्या रेकॉर्डमध्ये इतकी धूळ मुद्दाम भरलेली, की क्षणभर माझाच माझ्या कानावर विश्वास बसेना. वाटलं, हाही एखादा तुकडा असेल, आजवर निसटलेला. मी भिंतीवर ठोकलं. आवाज मोठा झाला नाही. परत ठोकलं. मुठीनं ठोकलं.

मी पल्लवीच्या खोलीत गेलो. ती कानाला हेडफोन लावून ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती. मी तिचा हेडफोन ओढला.

"अण्णा! काय करताय?"

"पिन रिकामी फिरतेय."

"काय?"

"रेकॉर्ड संपली. त्यानं पिन उचलली नाही."

"झोपला असेल हो. झोपू द्या त्याला." मग पडद्याकडं बघून, "सॉरी, जस्ट अ सेकंड."

"झोपला तरी उठतो तो."

"अण्णा, तुम्हाला ते म्युझिक आवडत नाही, मला माहितीये, पण आत्ता..."

"माझा मुलगा पिन रिकामी फिरू देणार नाही!"

मी किती मोठ्यानं बोललो कुणास ठाऊक. पडद्यावरची सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. पल्लवीनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि ती उठली. तशीच, पायात मोजे, गॅरेजच्या दाराकडं धावली. "शिरीष! शिरीष, दार उघड!" आतून फक्त खर्र... टक.

बाहेरच्या मोठ्या शटरचा रिमोट गाडीत होता. ती ड्राइव्हवेवर पळाली, मी मागं. बटण दाबलं. ते शटर घरघरत वर जायला लागलं, आणि असं सावकाश गेलं की मी ते हातानं उचलायला गेलो. आधी खाटेचे पाय दिसले. मग खाली सांडलेलं पाणी. मग लोंबणारा हात.

मी आत पाऊल टाकलं, तर पल्लवीनं माझ्या स्वेटरला धरून मला मागं ओढलं. चांगलं जोरात ओढलं. "तुम्ही नाही!" तिनं खिशातला मास्क लावला आणि ती आत गेली. मी उन्हात, सिमेंटवर, बाहेर उभा. ती त्याच्या तोंडाशी वाकली. मला दिसत होतं ते फक्त तिची पाठ आणि पलीकडं फिरणारी काळी रेकॉर्ड.

"श्वास आहे," ती म्हणाली. "ओठ निळे पडलेत. अण्णा, माझा फोन! आत टेबलावर!"

फोन आणला. ॲम्ब्युलन्स आली, पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली, त्यांना डोळे सोडून काही नव्हतं. त्यातल्या एकानं मला "यू ऑलराइट, मेट?" विचारलं. मी म्हणालो, "माय सन." पुढचे इंग्रजी शब्द मला आले नाहीत, आणि मराठीही आले नाहीत. शिरीषला नेताना त्याचे डोळे अर्धे उघडे होते. मी काहीतरी बोलायला हवं होतं. तोंड उघडलं, आणि त्या रेकॉर्डमधल्या बाईसारखं तिथंच थांबलं.

त्यांनी सांगितलं, गॅरेजमध्ये आता कुणी जायचं नाही. शटर खाली आलं. आतमध्ये रेकॉर्ड फिरतच राहिली.

शिरीष ऑक्सिजनवर होता. आम्हाला भेटायला बंदी. घराबाहेर पडायलाही बंदी. घरात मी, पल्लवी आणि भिंतीपलीकडं खर्र... टक. ती जेवायची नाही, मी जेवायचो नाही, तरी दोघंही एकमेकांना वाढायचो. फोन वाजला की ती पहिल्याच घंटेला उचलायची. दुसऱ्या दिवशी ती घराच्या बाजूला गेली, जिथं मीटरचा बोर्ड आहे.

"कुठं निघालीस?"

"गॅरेजचा स्विच खाली करते. तो आवाज मला सहन होत नाहीये, अण्णा."

"राहू दे."

"का?"

मला नीट सांगता येईना. "कार्यक्रम संपला की घरमालक येऊन सांगतो, आता बंद करा. मग मशीन बंद करायचं. अजून मला कुणी सांगितलं नाही."

"हा कार्यक्रम नाहीये!" ती ओरडली. "माझा नवरा तिथं पडलाय! तुम्हीच म्हणता ना, पिन झिजते, रेकॉर्ड खराब होते, आणि आता... तुमची पिन अडकलीय, अण्णा!"

"हो," मी म्हणालो. "अडकलीय. अडकू दे."

वारा तिचे केस तोंडावर आणत होता. तिनं बोर्डाचं झाकण लावलं. संध्याकाळी ती दोन कप चहा घेऊन माझ्या खोलीत आली, आणि खाली जमिनीवर, भिंतीला पाठ लावून बसली. बराच वेळ आम्ही ऐकत बसलो. मग ती हळूच म्हणाली, "टकचा आवाज जरा बदललाय का?"

"पिन झिजतेय."

"चालेल ना?"

"चालेल."

हॉस्पिटलच्या नर्सनं एकदा व्हिडिओ कॉल लावून दिला. पडद्यावर शिरीष: तोंडावर मास्क, डोळे खोल. पल्लवी बोलली, रडली, परत बोलली, आणि फोन माझ्या हातात दिला. एवढ्या दिवसांनी आम्ही समोरासमोर. त्याला बोलायची मनाई, मला सवय राहिलेली नाही. काय बोलायचं सुचेना, तेव्हा आयुष्यभर जे बोललो तेच बाहेर आलं.

"हॅलो. हॅलो. माईक टेस्टिंग. वन, टू, थ्री. आवाज येतोय का?"

मास्कच्या आत त्याचे गाल हलले. डोळे बारीक झाले. नर्स घाबरून म्हणाली, "डोन्ट मेक हिम लाफ." मी फोन घेऊन गॅरेजच्या बंद दाराशी गेलो आणि दाराला लावून धरला. खर्र... टक. खर्र... टक. परत पडद्यात बघितलं तर तो एक बोट वर करून काहीतरी दाखवत होता, गोल गोल.

"हो," मी सांगितलं. "चालू आहे. तू येऊन उचल."

आता सगळं उघडलंय. तिकिटाचा तो कागद केव्हाच फ्रिजवरून गेला. मी एकदा टेंभुर्णीला जाऊन आलो आणि परत इथंच आलो. गॅरेजमध्ये गाडी असते. पण एक खोड लागलीय ती लागलीच. मला सगळीकडं तुकडे ऐकू येतात. वॅटलवर बसलेला मॅगपाय पक्षी एकच सूर चार वेळा म्हणतो आणि पाचव्याला सोडतो; मी पाचव्याची वाट बघत उभा राहतो. स्टेशनवरच्या फाटकाची घंटा वाजली की मी मनात एक ठोका उशिरा ढोल टाकतो. परवा शिरीषच्या होममधल्या माणसांसाठी कार्यक्रम होता, तिथं मला नेलं. "गेट लावलंस का?" म्हणणारे आजोबा आता नाहीत. दुसऱ्या एक आजी आहेत, त्या माझा हात धरून पुन्हा पुन्हा मला कुणाच्या तरी नावानं हाक मारत होत्या. मी सोडवायला गेलो नाही. बसलो. सोबत ऐकलं. ते संगीत आहे असं मी आजही म्हणणार नाही.

त्या वर्षी शिरीष हॉस्पिटलातून घरी आला तेव्हा वॅटलचं फूल गळत आलं होतं. क्रीकच्या पायवाटेवर पिवळा सडा, ड्राइव्हवेवर पिवळा सडा. पल्लवीनं त्याला हाताला धरून उतरवलं. त्याचा कोट त्याला मोठा झाला होता. पल्लवी म्हणाली, आधी आत चल, बस, सूप पी. तो म्हणाला, थांब. त्यानं कान दिला. मग शटर उघडायला लावलं आणि भिंतीला धरत धरत, पायरी उतरताना थांबावं तसा मधे थांबत, आत गेला. मी बाहेर सिमेंटवर उभा राहिलो, त्या दिवशी होतो तिथंच.

तो प्लेअरपाशी वाकला. त्यानं पिन उचलली.

घर एकदम इतकं मुकं झालं की पल्लवी दचकली. त्यानं पिनीचं टोक उजेडात धरून बघितलं, मग अंगठ्यानं चाचपलं, मी त्याला शिकवलं होतं तसं.

"पार गेली हो, अण्णा," तो म्हणाला. "टोकच उरलं नाही. रेकॉर्डही गेली असणार. तुम्ही रिकामी फिरू दिलीत?"

"पिन नवी मिळते," मी म्हणालो.